एक हात विरोधात

मार्था आत्या गेली तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होते. फळ्यावर अपूर्णांकाचं गणित अर्धं झालं होतं आणि टेबलावरचा फोन थरथरत कडेला सरकत होता. पाळकांचा नंबर दिसला तेव्हाच कळलं, कारण आमच्या चर्चचे पाळक शाळेच्या वेळात कधी फोन करत नाहीत. "करुणाताई, बाई प्रभूत निजल्या. सकाळची प्रार्थना झाली, चहा घेतला, आणि..." मी बरं म्हटलं, फोन ठेवला, गणित पूर्ण केलं, मुलांना ते वहीत उतरवून घ्यायला लावलं आणि मग मुख्याध्यापकांकडे रजा मागायला गेले. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, किती खंबीर बाई आहे. खंबीर कसली! मला राग आला होता. पंधराच दिवसांपूर्वी आत्याने माझी माफी मागितली होती, मी तिला उत्तर दिलं नव्हतं, आणि उत्तर ऐकायला ती थांबली नाही. आज पाच आठवडे झाले. राग उतरला आहे, उत्तर तेवढं तिला द्यायचं राहून गेलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. हिंगोलीतल्या आमच्या छोट्याशा बॅप्टिस्ट मंडळीत तिला सगळे मार्थाबाई म्हणत, आणि ती बायबलबाई होती. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. गावोगाव जाऊन बायकांमध्ये बसायचं, त्यांना शुभवर्तमान सांगायचं, दुखलंखुपलं विचारायचं, अक्षरओळख करून द्यायची आणि उठताना प्रार्थना करायची, असं ते काम. लग्नानंतर तीन वर्षांत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. माहेरी परत येऊन कुणाच्या चुलीपुढे बसण्यापेक्षा ती मिशनच्या शाळेत दोन वर्षं शिकली आणि चर्चच्या मागच्या खोलीत राहायला आली, ती शेवटपर्यंत. सोमवारी कळमनुरीकडची गावं, मंगळवारी औंढ्याकडची, गुरुवारी पुसेगाव. पांढरं लुगडं, काखेत कापडी पिशवी, हातात छत्री. बायबलबाई म्हणजे गोड बोलणारी, हसतमुख, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आमची आत्या पाहिली नव्हती. तिच्या तोंडून साखर कधी सांडली नाही. प्रार्थनाही तिची आखूड असायची. बुधवारच्या प्रार्थनासभेत आमचे काही भाऊ पंधरा-पंधरा मिनिटं देवाला जगाचा इतिहास सांगत बसत, आणि आत्याची पाळी आली की चार वाक्यांत आमेन. एकदा कुणीतरी टोकलं तर म्हणाली, "त्याला बी कामं हायेत."

आमच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याला घ्यायचा त्याने कळत्या वयात, आपल्या तोंडाने मागायचा. आधी काही महिने पाळकांचा वर्ग, मग मंडळीच्या सभेत सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देव आपल्या आयुष्यात कसा आला ते सांगायचं. साक्ष झाली की पाळक हात वर करायला सांगतात. आमच्या मंडळीचा जुना रिवाज असा, की एकही हात विरोधात गेला तर ते नाव पुढच्या वर्षावर. खरं सांगायचं तर हा रिवाज नावापुरताच होता, विरोधात हात गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मग नाताळाच्या आधीच्या रविवारी कयाधू नदीच्या डोहावर सगळी मंडळी गाणी म्हणत जायची आणि उमेदवारांना एकेक करून पूर्ण पाण्यात बुडवून वर काढायचे. बुडवणारे पाळक. बायका आणि मुली पाण्यात उतरल्या की त्यांच्या शेजारी कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची ती मात्र आत्या. पाण्यात लुगडं फुगून वर येतं, चारचौघांत बाईमाणसाची फजिती होते, म्हणून ती आदल्या आठवड्यात प्रत्येकीचं पांढरं लुगडं मागवून घेऊन त्याच्या काठात नदीतले गुळगुळीत गोटे शिवायची. बारीक टाके, बोटभर अंतरावर एक गोटा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच शोधून काढलं होतं. त्या काळात मंडळीतल्या कुठल्याच बाईचं लुगडं पाण्यात वर आलं नाही.

मी सोळा वर्षांची असताना नाव दिलं. माझ्या वर्गातल्या तिघींनी दिलं म्हणून मीही दिलं, हे आज कबूल करायला हरकत नाही. आई हरखून गेली होती. माझं लुगडं आत्याने मागवून घेतलं, गोटे शिवून परत पाठवलं, आणि आईने ते घडी करून पेटीवर ठेवलं. अडचण होती ती साक्षीची. सोळा वर्षांच्या पोरीने काय सांगायचं? एकटीने कळमनुरीच्या बाजाराला जायची परवानगी नसलेल्या माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. तेव्हा माझ्या मैत्रिणीने तिच्या मोठ्या बहिणीची वही आणून दिली. त्या वहीतली साक्ष मंडळीतल्या कितीतरी मुला-मुलींनी थोडी इकडेतिकडे करून दिली होती, असं तीच सांगत होती. भारी साक्ष होती ती. "मी पापाच्या चिखलात गळ्यापर्यंत रुतले होते. माझ्यामुळे माझ्या घरातल्या माणसांनी उपाशी दिवस काढले. एके दिवशी दगडावर बसून मी रडले आणि मला हाक ऐकू आली..." घरात उपाशी कोण होतं, आणि कुठला दगड, असा प्रश्न मला पडला नाही. मी ती तोंडपाठ केली. आरशासमोर उभी राहून रडायच्या जागी थांबायचीसुद्धा सवय केली.

सभेच्या दिवशी तिघींच्या साक्षी झाल्या, हात वर झाले, टाळ्या झाल्या. मग मी. माझी साक्ष सगळ्यांत सरस झाली, हे मला बोलतानाच कळत होतं. दगडाच्या जागी आले तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला, मागून कुणीतरी "आमेन" म्हटलं. पाळकांनी विचारलं, स्वीकार करणाऱ्यांनी हात वर करावेत. चर्चभर हात. मग नेहमीप्रमाणे, केवळ विचारायचं म्हणून विचारलं, "विरोधात कुणी?" बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर एक हात वर झाला. आत्याचा. पाळकांना वाटलं, तिला काही सांगायचं आहे. ते म्हणाले, "बाई, बोला." ती उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगी चांगली हाय. साक्ष तिची न्हाई. एक वर्ष थांबू द्या तिला." एवढंच बोलून ती खाली बसली. माझे वडील डिकन, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक होते, पाळकांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या हातातलं गीतपुस्तक खाली पडलं आणि ते उचलायला कुणी वाकलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते लिहायला बरं वाटत नाही. आईने दुसऱ्या दिवशी अंगणात बसून त्या लुगड्याचे टाके उसवले आणि एकेक गोटा कुंपणापलीकडे फेकला. वडील आपल्या थोरल्या बहिणीशी तीन वर्षं बोलले नाहीत. ते डिकन, ती सेविका, एकाच छताखाली प्रार्थना करायचे आणि दाराबाहेर पडल्यावर दोन दिशांनी जायचे. पुढल्या वर्षी पाळक घरी आले, म्हणाले, आता नाव दे. मी म्हटलं, "माझी साक्ष कुणाची आहे ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच विचारा." त्याच्या पुढच्या वर्षीही आले. मग यायचे थांबले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ आमच्या घराण्यातला आहे, आत्यात होता आणि माझ्यात दुप्पट उतरला. बत्तीस वर्षं मी त्याच चर्चमध्ये जाते आहे. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं, नाताळाची नाटकं बसवली, नळदुरुस्तीपासून रंगरंगोटीपर्यंत सगळ्या समित्यांवर बसले. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट बाकाबाकांवरून फिरत येतं तेव्हा मी ते हातात घेते आणि भाकरीचा तुकडा न उचलता शेजारणीकडे देते. ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याने घ्यायचा नसतो. सुरुवातीला ते ताट पुढे सरकवताना मला मानी वाटायचं. नंतर कधीतरी ते नुसतंच जड वाटायला लागलं, पण तोपर्यंत सवय झाली होती.

वडील गेल्यावर आत्याचं बघणारं मीच उरले. मी रोज शाळा सुटल्यावर तिला डबा नेऊन द्यायचे. ती जेवायची, मी समोर बसायचे. शाळेतल्या गोष्टी, पाळकांची नवी मोटरसायकल, तिचे गुडघे, सगळं बोलायचो. फक्त ती एक गोष्ट दोघी ओलांडून जायचो. तिच्या कामाचं मला पूर्वीपासून नवल वाटायचं आणि थोडी चीडही यायची. मिशनचे वरिष्ठ वर्षातून एकदा येत आणि गावागावाचा आढावा घेत. पुसेगावला ती जवळजवळ चाळीस वर्षं दर गुरुवारी गेली, आणि त्या गावातून बाप्तिस्म्याला एकही माणूस आला नाही. एका साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मार्थाबाई, एवढ्या वर्षांच्या मेहनतीचं फळ काय?" ती म्हणाली, "मला गुरुवारी जायला सांगितलं व्हतं. मी जाऊन राहिले. फळाचं ज्यानं धाडलं त्याला इचारा." मी घरी येऊन हे हसत हसत सांगितलं होतं. पण मनात आलं होतं, की त्या गावातल्या कुठल्याच बाईकडून तिने कधी उसनी साक्ष काढून घेतली नाही. घेता आली असती. अडलेली बाई काय वाटेल ते बोलते.

शेवटचे चार महिने तिला एसटी चढवेना. आणि मग ती दुपार. तिने अर्धी भाकरी खाऊन ताट बाजूला सारलं आणि एकदम म्हणाली, "करुणे, ती साक्ष बाबूरावची व्हती." मला आधी काही कळेना. मग तिने सांगितलं. बाबूराव औंढ्याकडचा पाथरवट. दारूपायी घर धुळीला मिळवलेलं, बायको लेकरं घेऊन माहेरी गेलेली. खाणीतल्या दगडावर बसून एक दिवस रडला आणि चालत हिंगोलीला चर्चमध्ये आला. त्याला लिहिता येत नव्हतं. "तो बोलला अन् मी लिहून घेतलं. एकेक शब्द. तीन दिस लागले त्याला बोलाया. मग कोणी तरी ती उतरवून घेतली, मग लेकरं तीच म्हणाया लागली. मी लई वर्षं ऐकून घेतलं, म्हणलं जाऊ दे, लेकरं हायेत. पर बाबूराव त्याच साली गेला व्हता... अन् तू उभी राहिलीस. माझ्या भावाची पोर. त्याच्या दगडावर बसून तू रडून राहिलीस. मला न्हाई सोसलं."

ती म्हणाली, "म्या एक वर्ष म्हणलं व्हतं, माय. बत्तीस न्हाई. दुसऱ्या दिशी तुमच्या घरी यायला पायजे व्हतं मी. आले न्हाई. मला वाटलं, तूच येशील. चुकलं माझं. माफ कर मला." तिने माझ्याकडे बघून हात जोडले. एक्याऐंशी वर्षांच्या बाईने. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते कुठल्याही शेंबड्या पोराला सांगता आलं असतं. मी उठले, "आता काय त्याचं" असं काहीतरी पुटपुटले, आणि मोरीत जाऊन डबा धुवायला लागले. तीनदा धुतला. मग पिशवी उचलून निघाले. त्यानंतरचे पंधरा दिवस मी रोज डबा घेऊन गेले, रोज ठरवून गेले की आज बोलायचं, आणि रोज पाळकांच्या मोटरसायकलीबद्दल बोलून परत आले.

मातीच्या वेळी जवळची म्हणून मला बोलायला सांगितलं. मी मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्यांनी साक्षी दिल्या, चांगल्या दिल्या. तिचा फोन, चष्मा आणि कपडे पाळकांनी माझ्याकडे दिले. त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी साडेनऊला तो फोन वाजला. मी उचलला नाही. पुढच्या गुरुवारी त्याच वेळेला परत वाजला. तिसऱ्या गुरुवारी उचलला, तर पलीकडून एक बाईचा आवाज, "बाई, तबियत कैसी है? आज भी नहीं आते क्या?" तेव्हा लक्षात आलं की पुसेगावला कुणी कळवलंच नाही. फोनवर सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. मी म्हटलं, "मी येते." शाळेला रजेचा निरोप दिला आणि दहाची एसटी धरली.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते. या आठवड्यात मी पाळकांकडे वर्गासाठी नाव दिलं आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सोळा वर्षांच्या मुलांबरोबर बसायचं आहे, तीही हसतील आणि मंडळीही. हसोत. साक्ष अजून लिहिलेली नाही आणि लिहिणारही नाही, कारण ती पुसेगावात त्या दिवशी तोंडातून निघून गेली.

फोन करणारी रझियाबी. बांगड्या विकणारं तिचं घर गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्या घरापुढच्या पडवीत पाच-सहा बायका आधीच जमल्या होत्या, गुरुवार म्हणून. मी कोण ते सांगितलं आणि बाई गेल्याचं सांगितलं. रझियाबीने कपाळाला हात लावला आणि भिंतीला टेकून खाली बसली. कौसाबाई नावाची एक म्हातारी होती, विहाराजवळ राहणारी, शेतमजुरीत सगळं आयुष्य गेलेली. तिला सही करायला आत्यानेच शिकवलं होतं. ती रडली नाही. फक्त विचारलं, "तकलीफ झाली का त्यायला?" मी म्हटलं, नाही झाली. मग त्या एकेक सांगू लागल्या. बाई औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून द्यायच्या. सासऱ्याशी भांडण झालं तर दोघांनाही रागवायच्या. जाताना प्रत्येकीचं नाव घेऊन देवाशी बोलायच्या. बोलता बोलता साडेबारा वाजले आणि मी उठायला लागले, तर रझियाबी म्हणाली, "ऐसे कैसे? दुआ तो करके जाव. बाई बगैर दुआ के कभी उठी नहीं."

मी आयुष्यात चारचौघांत प्रार्थना केलेली नव्हती. ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याला आमच्याकडे कुणी करायला सांगत नाही, आणि मला ते सोयीचंच होतं. पण त्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले होते, रझियाबीने हात पसरले होते. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गातील दयाळू पित्या, आम्ही तुझ्या पवित्र चरणांपाशी..." आणि पुढचं येईना. ते व्यासपीठावरचे शब्द होते, मला सगळे पाठ होते, आणि एकही पुढे सरकेना. शेजारी कुणाची तरी शेळी पाला ओढत होती. बायका वाट बघत होत्या. मग मी म्हटलं, "देवा, आत्या गेली. तिने माझी माफी मागितली होती. हात जोडले होते तिने. मी तिला माफ केलं आहे, ते तिला सांगितलं नाही. मी डबा धूत बसले. चूक माझीही होती... बत्तीस वर्षं मी तिला त्याची शिक्षा दिली आणि स्वतःला पण. मला तिची आठवण येते. तू तिला सांग." मला हुंदका आवरेना. तसंच रडत रडत मी शेवटी "आमेन" म्हटलं, आणि बायका हळू आवाजात म्हणाल्या, "आमेन." रझियाबीने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.

मी पदराने डोळे पुसले आणि पिशवीला हात घातला. कौसाबाई जागची हलली नव्हती. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"माय," ती म्हणाली, "माझं मोतीबिंदूचं आपरेशन हाय सोमवारी. त्याचं राहिलं."

मी परत खाली बसले आणि डोळे मिटले.